लोहारकाम शिकायचंय: जुनी ऐरण, हातोडा, सांडशी घेताना काय बघावं? (खान्देशातले कोणी आहे का?)

अंजनीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव एरंडोल तालुक्यात, नोकरी जळगावला, वय छत्तीस. हातानं काही करायची सवय म्हणाल तर सायकलचं पंक्चर आणि घरचा मिक्सर, संपलं.

मे महिन्यात वखराची पास (खालचं लोखंडी पातं) पाजवायला गावच्या लोहाराकडे गेलो होतो. पेरणीच्या आधीची गर्दी, त्यामुळे नंबर लागायला दीड तास गेला. बसून काय करणार, बघत राहिलो. लाल झालेली पास ऐरणीवर आली आणि चार घावांत तिची कड कणकेसारखी पुढे सरकली. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणूनच करायचं आहे. खळ्यात पत्र्याचं शेड आहे, शेजार लांब आहे, बजेट दहा-बारा हजार. सगळं जुनंच घ्यायचा विचार आहे, पण जुन्यातलं चांगलं कोणतं हे कळत नाही. एक मित्र म्हणतो रेल्वेच्या रुळाचा तुकडा घे. दुसरा म्हणतो आधी ऐरण, बाकी सगळं नंतर. सुरुवात कुठून करू?

चिमटा

सुरुवात वहिनींना विचारण्यापासून करा. बाकी मदत नंतर मिळेलच.

पास_पाजवा

आमचं घर लोहाराचं, अमळनेरकडचं. आजोबा, वडील आणि आता मोठा भाऊ. मी पुण्यात कारखान्यात आहे, पण दहावीपर्यंत भाता ओढलाय आणि घणही मारलाय. त्यामुळे थोडं अधिकारानं सांगतो, राग मानू नका.

ऐरण सगळ्यात शेवटी घ्या. नवीन माणूस ऐरणीमागे धावतो, सगळे पैसे तिथं ओततो आणि मग हातात चायना बाजारातला हातोडा. काम हातोड्यानं आणि सांडशीनं होतं. ऐरण नुसती खाली पडून असते.

हातोडा एक किलोच्या आसपासचा घ्या. दीड-दोन किलोचा उचलून मर्दुमकी दाखवायला जाल तर आठवड्यात कोपर धरून बसाल. जुन्याचं नुसतं डोकं मिळालं तरी चालेल, उलट बरंच. फक्त तोंडाच्या कडा बघा. वर्षानुवर्षं मार खाऊन कडा छत्रीसारख्या बाहेर वळल्या असतील तर ते वळलेलं घासून काढल्याशिवाय एक घावही घालू नका. तीच कड तुटून डोळ्यात जाते. तोंड अगदी सपाट आणि कडा धारदार असतील तर कानशीनं कडा गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाला लोखंडावर चंद्रकोर उमटेल. दांडा धावड्याच्या लाकडाचा घाला. सातपुड्याकडच्या बाजारात मिळतो, लवचीक असतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत.

सांडशी भंगारात किलोवर मिळते आणि इथं खरंच पैसे वाचतात. रिव्हेट ढिलं असेल तर ठोकून बसवता येतं. जबडा वाकडा असेल तर भट्टीत लाल करून हव्या त्या मापाला बसवता येतो, तोच तुमचा पहिला धडा समजा. पण जबड्यात लोखंड जरा जरी हलत असेल तर ती सांडशी त्या कामाची नाही. ऐरणीवरून उडालेला लाल तुकडा कोणाच्या तरी पायावरच जातो. माझ्या डाव्या पावलावर त्याची खूण आहे.

आणि काहीही विकत घेण्याआधी त्याच लोहाराकडे चार रविवार जाऊन बसा. चहा तुम्ही न्या.

रेल_कॉलनी

भुसावळ. रेल्वेतून निवृत्त. रुळाच्या तुकड्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय.

रुळाचं पोलाद चांगलं असतं यात वाद नाही. आपल्याकडे जास्त करून ५२ आणि ६० किलोचे रूळ आहेत, म्हणजे एका मीटरचं तेवढं वजन. साठच्या रुळाचा हातभर तुकडा पंचवीस-तीस किलो भरतो. पण भंगारवाल्याच्या दारात तुकडा पडलेला दिसला म्हणजे तो विकायला मोकळा आहे असं समजू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी भंगारातून घेतला' हे उत्तर चालत नाही, कुठून आला ते तुम्हाला दाखवावं लागतं. रेल्वे आपलं भंगार लिलावानं विकते. लिलावात घेतलेल्या व्यापाऱ्याकडून, पावतीवर स्पष्ट लिहून मिळत असेल तरच घ्या. पावती नाही तर रूळ नाही.

मिळालाच तर आडवा ठेवून काम करू नका. आडव्या रुळाची मधली पाटी बारीक असते, घाव मारला की सगळा तुकडा झुलतो आणि निम्मा जोर वाया जातो. उभा करा, लाकडात पुरा, आणि वर आलेल्या टोकावर काम करा. जागा तळहाताएवढीच मिळते, पण घावाखाली सगळं वजन सरळ उभं राहतं.

अंजनीकाठ

बाप रे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. रूळ रद्द. मग त्याऐवजी काय?

रेल_कॉलनी

दगड फोडायचा मोठा घण. सात-आठ किलोचं नुसतं डोकं भंगारात मिळतं, कारण दांडा मोडला की लोक फेकून देतात. बाभळीच्या ओंडक्यात त्याच्या मापाचा खड्डा कोरा, डोकं उभं बसवा, एक तोंड वर. हीच ऐरण. वर्षभर आकडे, खुंट्या, चिमटे यांना पुरते.

वाघूर

ऐरण घ्यायचीच झाली तर माझी पद्धत सांगतो. खिशात दोन वस्तू ठेवायच्या: मोठ्या बेअरिंगची एक गोळी आणि एक बारीक कानस.

गोळी ऐरणीच्या माथ्यावर वितीच्या उंचीवरून नुसती सोडा, फेकू नका. चांगल्या ऐरणीवरून ती पाऊण उंचीपर्यंत तरी परत येते आणि टक-टक-टक करत बराच वेळ नाचते. निम्म्यावर आली तर माथा मऊ पडलाय. जेमतेम दोन बोटं उडून बसली तर ते बीड (ओतीव लोखंड) आहे, उठून घरी जा. एकाच जागी करून थांबू नका, सगळा माथा फिरा. मध्ये चांगली आणि एका कोपऱ्यात मेलेली अशी ऐरण मी पाहिली आहे. त्या कोपऱ्यावर कोणीतरी वेल्डिंगचा भर टाकला होता.

मग हातोडीनं हलकेच वाजवा. घंटेसारखी वाजली तर उत्तम. फुटक्या माठासारखी खरखरली तर आत तडा आहे. जमिनीत किंवा ओंडक्यात घट्ट बसवलेली ऐरण मुळातच कमी वाजते, त्यामुळे नुसत्या आवाजावर नाकारू नका, गोळीचं ऐका. कानस कोपऱ्यावर फिरवा. घसरून गेली तर माथा कडक, किस निघाला तर मऊ.

ताजा ऑइल पेंट दिसला की मला संशय येतो. लोखंडाला रंग कोण देतो? झाकायचं असतं तो. कडा थोड्या झडलेल्या असल्या तर काही बिघडत नाही, त्या गोल करून वापरता येतात. माथ्याला मध्ये थोडा खोलगटपणा असला तरी चालतो, वाकडं सरळ करायला तो उपयोगीच पडतो. फक्त वर्कशॉपमध्ये नेऊन माथा मशीनवर तासून आणू नका. कडक थर वरवरचाच असतो, तो गेला की राहिला नुसता ठोकळा.

तोरणमाळ_वारा

शहाद्याहून. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरताना नालबंदांच्या आसपास नजर ठेवा. मला तिथं एक जुनी सांडशी आणि खिळे कापायचा अडकित्त्यासारखा चिमटा मिळाला, दोन्ही उत्तम पोलाद. त्यांचा हातोडा मात्र हलका असतो, नाल ठोकायचा. आपल्या कामाचा नाही.

गिरणामाई

थोडं अवांतर. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथं १९५५ साली उत्खनन झालं, त्यात ताम्रपाषाणयुगाच्या वरच्या थरात लोखंड सापडलं. म्हणजे धागाकर्ते, तुमच्या या खुळाला आपल्या नदीकाठी अडीच हजार वर्षांहून जास्त काळाची परंपरा आहे. घरी हे सांगून बघा.

चिमटा

तेव्हाही कोणाची तरी बायको म्हणाली असेल, तांब्याचं काय वाईट चाललं होतं?

अंजनीकाठ

मंडळी, मार खाऊन आलोय. शब्दशः.

काल धुळ्याला लग्न होतं. येताना हायवेला एका जुन्या सामानाच्या दुकानात थांबलो. निळीशार ऐरण, एका बाजूला शिंग (निमुळतं टोक), अगदी व्हिडिओत असते तशी. चाळीस किलो. सात हजार सांगितले, साडेपाचला दिली. वाघूरदादा, तुमचा ताज्या रंगाचा मुद्दा वाचलेला होता. तो आठवलाही. पण ते शिंग बघून हात आपोआप पाकिटाकडे गेला. गोळी तर घरीच राहिलेली.

आज सकाळी गोळी सोडली. पडली आणि तिथंच बसली, जणू पंगतीला पान वाढलं होतं. तरी म्हटलं बघू. सळईचा तुकडा ठेवून हातोडा मारला, तिसरा घाव कडेवर गेला आणि दोन बोटं रुंद टवका उडून पत्र्यावर 'ठण्ण' करून आदळला. जाताना नडगीला चाटून गेला. तुटलेल्या जागी आत काळपट राखाडी, साखरेसारखं दाणेदार. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ऐरणीवर मारायचं थोडंच असतं.

वाघूर

हे शेवटचं वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

निळी_ज्योत

आयटीआयमध्ये शिकवते, म्हणून जरा मास्तरकी करते.

अंजनीकाठ दादा, ते राखाडी दाणेदार म्हणजे बीडच. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, साधारण तीन-साडेतीन, आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो. दाब सोसतं, पण घाव सोसत नाही, पापुद्र्याच्या रेषेनं तुटतं. नडगीवर निभावलं हे नशीब. चष्मा होता का? नसेल तर पुढची खरेदी तीच. शंभर-दीडशे रुपयांचा साधा सेफ्टी चष्मा, आणि तो नवीनच घ्यायचा.

भट्टीचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम घ्या, तोही बिडाचाच असतो पण तिथं घाव नसतो त्यामुळे चालतो. खालून दीड-दोन इंची पाइप, वर जाळी, पाइपाच्या बुडाला राख पाडायला झाकण. हवेला हातानं फिरवायचा जुना पंखा मिळाला तर सोनं. विजेचा ब्लोअर सुरुवातीला नको वाटतो मला, कारण तो अखंड फुंकत राहतो आणि तुम्ही दुसरीकडे बघेपर्यंत लोखंड फुलबाजीसारखं जळू लागतं. हाताचा पंखा थांबला की आगही थांबते. पाइप मात्र काळा घ्या, जीआय नको. जीआयवरचा जस्ताचा थर तापला की त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. जुनं जीआय भंगार भट्टीत घालणं त्याच कारणानं बंद. बंद तोंडाचं काहीच तापवू नका, विशेषतः गाडीचे जुने शॉकॲब्सॉर्बर. आत तेल आणि हवा कोंडलेली असते, बॉम्बसारखे फुटतात.

लोणारी (लाकडाचा) कोळसा वापरा. ठिणग्या जास्त उडतात आणि लवकर संपतो, पण धूर नाही आणि आग सांभाळायला सोपी. अंगात सुती कपडे. पॉलिस्टरला ठिणगी लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवा. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

अंजनीकाठ

चष्मा नव्हता. आज घेतला. ताई, अजून एक. काल पिवळं होईपर्यंत तापवलं तरी बाहेर काढल्यावर मला ते जेमतेम लाल दिसत होतं. डोळे की लोखंड?

निळी_ज्योत

वेळ कोणती होती?

अंजनीकाठ

दुपारी बारा, शेडच्या बाहेर.

निळी_ज्योत

मग डोळे नाहीत, ऊन. आपल्या उन्हात लोखंडाचा रंग दिसतच नाही. लाल आहे म्हणून अजून तापवता आणि ते आत जळून जातं. लोहाराची पडवी अंधारी असते ती गरिबीमुळेच असं नाही. भट्टी सावलीत घ्या, पाठीमागं काळं गोणपाट लावा, आणि एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत काम उरका.

केळीबाग

यावल. मला केळीचे घड कापायला कोयती करायची आहे. टाकीच्या बांधकामातली उरलेली सळई आहे भरपूर. चालेल?

पास_पाजवा

आकडे, खुंट्या, चिमटा यांना चालेल. धारेला नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन कमी, पाणी दिलं (म्हणजे लाल करून एकदम गार करून कडक केलं) तरी धार टिकणार नाही, दहा घडांत वाकेल. धारेला कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) घ्या, ट्रक-ट्रॅक्टरच्या गॅरेजबाहेर तुटलेले पडलेले असतात. फक्त तडा गेलेल्या जागेपासून चार बोटं लांबचा तुकडा घ्या, बारीक तडे दिसत नाहीत.

पाणी देताना चुंबक जवळ ठेवा. लाल लोखंडाला चुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडंसंच तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. नाव 'पाणी' असलं तरी कमानपाट्याला पाणी नको, चर्रर्र करून तडकतो. आमच्या घरी शेंगदाण्याचं जुनं तेल होतं, अख्ख्या गल्लीला भज्यांचा वास. मग पातं घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूनं हळू तापवत कडकपणा उतरवत न्या. गव्हाच्या काड्यासारखा पिवळा रंग धारेपर्यंत आला की थांबा. हे उतरवणं विसरलात तर पहिल्याच घडाला टवका.

निळी_ज्योत

जुना, वेगळा ओव्हन असेल तर २०० अंशाला एक तास, गार करून पुन्हा एक तास. रंग ओळखायची नजर येईपर्यंत हे सोपं. जेवणाचा ओव्हन वापरू नका, तेलाचा वास जात नाही. अनुभव आहे.

मोकळं_पाटील

तलवार करायची असेल तर?

रेल_कॉलनी

नको. शस्त्र कायदा १९५९. कोयती, विळा, सुरी करा, शेतीची आणि घरची अवजारं वेगळी. बाकी हौस पोलीस स्टेशनला फिटेल.

गिरणामाई

विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात ना? २०२३ पासून आहे. धागाकर्त्यांना नाही का घेता येणार?

पास_पाजवा

मिळतात, अठरा व्यवसायांत लोहार आहेत, प्रशिक्षण आणि कमी व्याजाचं कर्जही आहे. पण ती पिढीजात हातानं हे काम करून पोट भरणाऱ्यांसाठी आहे. नोकरदार हौशी माणसानं त्या रांगेत उभं राहू नये. माझ्या भावाच्या भट्टीला आता वर्षातले चार महिने काम असतं. तयार पास दुकानात मिळते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायला कोणी येत नाही, विळा तर आठवडे बाजारात ढिगानं. राहिलं कायतर कापसाची पऱ्हाटी उपटायचे चिमटे आणि पेरणीच्या तोंडचं पाजवणं. तुमच्या जुन्या ऐरणी बाजारात येतात त्या याच घरांतून येतात, एवढं लक्षात असू द्या. भाव पाडताना जरा जपून.

अंजनीकाठ

पास_पाजवा, तुमचं हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. कारण मी अगदी तेच करायला निघालो होतो.

शेजारच्या गावात एक म्हातारे लोहार आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. भट्टी तीन वर्षांपासून बंद. मुलगा सुरतला. कोणीतरी सांगितलं, ऐरण पडून आहे, मागून बघ. रविवारी गेलो, गोळी खिशात.

पडवीत अंधार. ऐरण शिंगाची वगैरे नाही, चौकोनी ठोकळा, वीतभर लांब-रुंद, बाभळीच्या ओंडक्यात बसवलेली आणि ओंडका जमिनीत पुरलेला. माथा मधोमध ताटलीसारखा किंचित खोल, आणि त्या खोलगटात आदल्या दसऱ्याचं हळद-कुंकू सुकून बसलेलं. मी विचारलं, आण्णा, गोळी टाकून बघू का? ते हसले. बोटानं कुंकू एका बाजूला सारलं, म्हणाले टाक. गोळी वितीवरून सोडली ती जवळजवळ हाताला परत लागली. चारही कोपऱ्यांवर तेच.

मी भाव विचारला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इकाले नई काढेल शे भाऊ."

मी उठायला लागलो तर म्हणाले, "बठ. रविवारे येत जाय. कोयसा तुना, घन तुना, ऐरन मनी."

तर आता दर रविवारी सहा वाजता जातो. बसून काम करायचं, व्हिडिओतल्यासारखं उभं राहून नाही. मांड्या पहिल्या दिवशी भरून आल्या. ते लहान हातोड्यानं जागा दाखवतात, मी घण तिथं मारायचा. त्यांनी हातोडा नुसता ऐरणीवर टेकवून वाजवला की थांबायचं. मला हे आधी कळलं नाही, मी दोन घाव जास्त मारले आणि आकड्याचं टोक चपटं करून टाकलं. त्यांनी काही न बोलता ते परत आगीत घातलं.

वाघूर

गोळी जवळजवळ हातात परत! अशी ऐरण मी आयुष्यात दोनदा पाहिली. फोटो टाका.

पास_पाजवा

हातोडा आडवा टेकवला की थांब, हे वडिलांनी मला कानफटात मारून शिकवलं. तुम्ही स्वस्तात सुटलात. घण किती किलोचा?

अंजनीकाठ

चार. रेल_कॉलनी काकांनी सांगितलेलं मोठं डोकं शोधत होतो, त्याच ढिगात मिळाला. दांडा बांबूचा घातलाय.

पास_पाजवा

बांबू चांगला. पेरं डोक्याच्या लगेच खाली येऊ देऊ नका, तिथंच चिरतो. आणि रात्री डोकं पाण्यात बुडवून ठेवा, दांडा फुगून घट्ट बसतो.

चिमटा

निळ्या ऐरणीचं काय केलं?

अंजनीकाठ

खळ्याच्या फाटकाला लावलीय. आण्णांना फोटो दाखवला, त्यांनी विचारलं कितीला घेतली. मी दोन हजार सांगितलं.